अण्णांचा उजवा पाय

जुन्या गाडीत माणसं काय काय बसवून घेतात हे पाहायचं असेल तर रविवारी सकाळी एखाद्या ॲक्सेसरीजच्या दुकानासमोर नुसतं उभं राहावं. एक जण सीटला नवं कव्हर चढवून घेतो आणि ते खराब होऊ नये म्हणून त्यावर घरचा टॉवेल पसरतो. दुसरा डिकीत वूफर बसवतो. मग डिकीत बॅगा मावत नाहीत म्हणून टपावर कॅरिअर लावतो. मग पावसात बॅगा भिजतात म्हणून ताडपत्री शोधत फिरतो. तिसऱ्याला गाडी मागे घेताना आरती वाजायला हवी असते. त्याची गाडी रिव्हर्सला पडली की आमच्या गल्लीतल्या दोन आज्या अजूनही डोळे मिटून हात जोडतात, आणि डोळे उघडे ठेवण्याची गरज नेमकी त्याच वेळी असते.

यातल्या कशानेही गाडी चालण्यात काडीचा फरक पडत नाही. म्हणून तर हे सगळं खपतं. पण चांगल्या चालत्या, वयात आलेल्या नव्हे तर वयातून गेलेल्या गाडीत क्रूझ कंट्रोल बसवायला निघालेला माणूस मी आमच्या संभाजीनगरात एकच पाहिला. ते आमचे शेजारी अण्णा.

अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. उमेदीची सगळी वर्षं जायकवाडीच्या कालव्यांवर गेली. पैठणच्या धरणाला दरवाजे २७, पण अण्णांच्या बोलण्यात ते रोज उघडतात. कालव्याला पाणी सोडायचं तर एकसारखं सोडायचं. मध्येच वाढलं तर काठ फुटतो, मध्येच घटलं तर शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला चिखल येतो, हा त्यांनी नोकरीत शिकलेला आणि निवृत्तीनंतर घरादाराला लागू केलेला नियम. घरातला पंखा बारमाही तीनवर. दूधवाल्याला उशीर झाला की ‘का रे, आज आवक घटली का?’ असा सवाल. ज्या शहराची तहान त्याच जायकवाडीवर भागते आणि तरीही नळाला पाणी किती दिवसांआड येणार यावर सकाळच्या फिरायला जाणाऱ्यांत चर्चासत्रं होतात, त्या शहरात एकसारख्या विसर्गाचा ध्यास धरून जगणं सोपं नाही. अण्णांचं रक्तदाबाचं औषध त्यामुळेच चालू आहे असं काकूंचं मत आहे.

अण्णांची गाडी म्हणजे पहिल्या पिढीची डिझेल ऑक्टाव्हिया. एका डॉक्टरांकडून घेतलेली. पंधरा वर्षं उलटून गेल्यावर तिचं पासिंग झालं, पर्यावरण कर भरला, नोंदणी पुढे वाढली, आणि अण्णांनी त्या दिवशी स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याएवढ्याच गांभीर्याने तो कागद फाइलला लावला. ही गाडी परदेशी आहे असं कुणी म्हटलं की अण्णांना आवडत नाही. स्कोडाने २००१ मध्ये शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि देशभर गेलेल्या ऑक्टाव्हिया इथूनच गेल्या. म्हणजे आडनाव झेकचं असलं तरी माहेर इथलंच, जालना रोडने सरळ गेलं की लागणारं. ‘माहेरच्या मुलीला कुणी परदेशी म्हणतं का?’ असं अण्णा विचारतात. स्पेअर पार्टांच्या किमती ऐकल्यावर मात्र ते हा प्रश्न विचारत नाहीत.

वीस-एक वर्षांच्या या गाडीत क्रूझ कंट्रोलची आठवण आत्ताच का व्हावी? तर समृद्धी महामार्गामुळे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, पुढचे तुकडे जोडले जात गेले, आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा आख्खा रस्ता तयार झाला. अण्णांची लेक नागपूरला. पूर्वी तिच्याकडे जायचं म्हणजे जालना, सिंदखेडराजा, मेहकर असं करत, गावागावातल्या गतिरोधकांची ख्यालीखुशाली विचारत जायचं. त्या रस्त्यावर उजव्या पायाला काम होतं: दाब, सोड, ब्रेक, पुन्हा दाब. समृद्धीवर सिग्नल नाही, रिक्षा नाही, दुचाकी नाही, समोरून उलटा येणारा ट्रॅक्टर नाही. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२०. उजव्या पायाने एकदा पेडल दाबायचं आणि तसंच धरून बसायचं. पहिल्याच खेपेत अण्णांच्या घोट्यात गोळा आला. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले. अण्णांनी निदानच फेटाळलं.

‘‘अरे, दुखणं पायाचं नाही, रचनेचं आहे,’’ ते मला म्हणाले. ‘‘कालव्याचा दरवाजा ठरलेल्या उंचीवर राहावा म्हणून आपण खाली माणूस उभा करतो का, हात वर धरून?’’

मी नाही म्हटलं. तेवढ्यावर मला या प्रकल्पात सहभागी करून घेण्यात आलं.

आता ज्यांच्या गाडीत हे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रूझ कंट्रोलला तुम्ही एकदा वेग सांगता. मग गाडी स्वतः बघत राहते की सांगितलेला वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांत फरक किती. चढ आला, वेग पडला, की इंजिनाला जरा जास्त खायला घालायचं. उतार आला की हात आखडता घ्यायचा. ब्रेकला किंवा क्लचला पाय लागला की यंत्राने मुकाट्याने बाजूला व्हायचं. एवढंच. पुढे म्हैस आहे की ट्रक, हे त्याला दिसत नाही. रडारने समोरच्या गाडीचं अंतर मोजून आपोआप वेग कमी करणारी नवी जात निराळी आणि तिची किंमतही निराळी. हे जुनं क्रूझ कंट्रोल आंधळंच आहे.

आणि गंमत म्हणजे ते शोधलं तेही एका अंध माणसाने. राल्फ टीटर नावाचे अमेरिकन अभियंते. लहानपणी पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेली, तरी अभियांत्रिकी शिकले, मोठा कारखाना चालवला. त्यांचे वकील त्यांना गाडीतून न्यायचे. या वकीलसाहेबांची खोड अशी, की स्वतः बोलायला लागले की पाय ढिला पडायचा आणि गाडी मंदावायची; टीटर बोलायला लागले की वकील ऐकता ऐकता वेग वाढवायचे. शेजारी बसलेल्या टीटरना रस्ता दिसत नव्हता, पण प्रत्येक हिसका कळत होता. त्यांनी वैतागून वेग धरून ठेवणारं यंत्रच बनवायला घेतलं. १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत ते बाजारात आलं. वकील बदलणं स्वस्त पडलं असतं, असं काकू म्हणाल्या. पण अण्णांचे डोळे पाणावले होते. वेगातल्या चढउताराचा इतका मनापासून त्रास होणारा दुसरा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता.

बातमी गंगापूरला पोचली आणि अण्णांचे मेव्हणे आले. त्यांची शेती आहे. ते म्हणाले, ‘‘दाजी, हे आमच्या ट्रॅक्टरला पहिल्यापासून आहे. हाताचा ॲक्सिलेटर. वढला की बसला. नांगरटीला कोण पाय दाबून बसतंय?’’ एवढं बोलून ते थांबले असते तर बरं. पण पुढे त्यांनी स्वस्तातला उपायही सांगितला, ज्यात एक वीट आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. काकूंनी चहा पुढे केला आणि विषय विटेवरून कापसाच्या भावाकडे नेला.

अण्णांनी मात्र ट्रॅक्टरचा मुद्दा सोडला नाही. त्यांच्या मते मेव्हणे अर्धे बरोबर होते. ट्रॅक्टरच्या डिझेल पंपात गव्हर्नर असतो. इंजिनाचे फेरे वाढले की आतली फिरणारी वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, फेरे पडले की उलट. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर दोन गोळे फिरते ठेवले त्याचंच हे खानदान. त्यामुळे ट्रॅक्टरचा हातदांडा खरोखर इंजिनाची गती धरून ठेवतो. पण जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर जो ओढायचा हातथ्रॉटल असायचा, तो फक्त रेस धरायचा, वेग नाही. कन्नडचा घाट लागला की जीप आपली रडत बसायची, आणि उतारावर सुसाट. ‘‘म्हणजे दरवाजा धरून ठेवला, पाणी नाही,’’ अण्णांनी निकाल दिला. मेव्हण्यांनी मान हलवली. त्यांना परतीची बस पकडायची होती.

मग गॅरेजांची यात्रा सुरू झाली.

पहिल्या गॅरेजमधल्या मिस्त्रींचा हातखंडा जुन्या पेट्रोल गाड्यांचा. त्यांनी सांगितलेली रीत खरी होती: जुन्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत ॲक्सिलेटरची केबल जाते, त्या केबलला जोडून दुसरी केबल टाकायची, ती ओढायला एक छोटी मोटर किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा पडदा बसवायचा, वेग मोजायला ॲक्सलवर चुंबक लावायचा, ब्रेकच्या दिव्याच्या वायरवरून यंत्र बंद होईल अशी सोय करायची. अमेरिकेत अशा संचांचा एक काळ होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बॅटरी उजेडात धरली, आणि बराच वेळ वाकून ॲक्सिलेटरची केबल शोधली. मग सरळ होऊन, हात पुसत, खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘साहेब, तुमची केबल कुणीतरी काढून नेलीय.’’

केबल चोरीला गेलेली नव्हती. या गाडीत ती नसतेच. पेडलखाली एक सेन्सर असतो, तो विजेच्या भाषेत इंजिनाच्या संगणकाला सांगतो की पाय किती दाबला आहे, आणि डिझेल किती द्यायचं ते संगणक ठरवतो. हे आम्हाला सेंट्रल नाक्याकडच्या एका तरुण उस्तादाने सांगितलं. त्याच्याकडे पाने कमी आणि लॅपटॉप दोन होते. शहरात मिस्त्रींची एक नवी पिढी आली आहे. तिच्या नखांत ऑइल नसतं आणि ती गाडीचा आवाज ऐकण्याआधी गाडीत वायर खुपसते. उस्तादाने वायर खुपसली, पडद्यावर आकडे पाहिले आणि आपल्या अस्सल शहरी बोलीत निदान केलं, ‘‘अण्णासाब, इसमें क्रूझ पैदाइशी है. कंपनी ने खाली दांडी नै दी.’’

अण्णांना खुर्ची द्यावी लागली. ज्या गोष्टीसाठी ते महिनोन्‌महिने झुरत होते ती त्यांच्याच दारात, त्यांच्याच गाडीच्या संगणकात, शेंद्र्याहून निघाल्यापासून झोपून होती. इंजिनाच्या संगणकात क्रूझ कंट्रोलचा सगळा हिशेब भरलेलाच असतो; ज्या गाडीला ते द्यायचं तिच्या इंडिकेटरच्या दांडीवर बटणं देतात आणि संगणकाला परवानगी देतात. बाकीच्यांच्या बाबतीत प्रस्ताव मंजूर, निधी उपलब्ध, फक्त आदेश निघालेला नाही. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. अण्णा एवढंच म्हणाले, ‘‘फाइल कुणाच्या टेबलावर आहे?’’

फाइल कुर्ल्याला होती. भंगारात निघालेल्या गाड्यांचे पार्ट जिथे मिळतात त्या बाजारातून बटणांची दांडी कुरिअरने आली. तिच्यावर पूर्वीच्या मालकाच्या अंगठ्याने ‘सेट’ची अक्षरं जवळजवळ पुसून टाकली होती. अण्णांनी ती भिंगातून पाहिली. ‘‘बराच प्रवास झालेला दिसतो,’’ ते आदराने म्हणाले.

ती बसवणं हे मी जवळून पाहिलं आणि सांगण्यासारखं आहे. इंडिकेटरची दांडी बदलायची म्हणजे स्टिअरिंग उतरवायचं, आणि स्टिअरिंगच्या पोटात एअरबॅग. म्हणून सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढून काही वेळ नुसतं थांबायचं. मग स्टिअरिंगच्या पाठीमागच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून चिमट्याची तार दाबायची, की एअरबॅगचं उशीसारखं झाकण सुटून हातात येतं. त्याखाली मधोमध एक बोल्ट, आणि त्याला बारा दाते. साध्या ॲलन की त्याला लागत नाहीत. लागल्यासारख्या वाटतात आणि दाते खाऊन टाकतात. उस्तादाकडे त्याचा खास बिट होता, तो त्याने रुमालात गुंडाळून ठेवला होता, अत्तराच्या कुपीसारखा. बोल्ट कर्रर्र करून सुटला, स्टिअरिंग मांडीवर आलं, आणि अण्णा पहिल्यांदाच डोळे मिटून उभे राहिले. वायपरखालच्या खोबणीत, पावसापासून झाकून ठेवलेल्या इंजिनाच्या संगणकापर्यंत वायरी ओढायला दुपार गेली. त्या खोबणीत पिंपळाची पानं, एक बटण आणि डॉक्टरांच्या काळातली पार्किंगची पावती निघाली. अण्णांनी पावती फाइलला लावायला घेतली.

संध्याकाळी उस्तादाने लॅपटॉपवर पाच आकडे टाकले: ११४६३. या जातीच्या गाड्यांच्या संगणकाला क्रूझ कंट्रोल जागं करायला हाच आकडा लागतो, आणि पुन्हा झोपवायला दुसरा. पडद्यावर होकार आला. पण ‘सेट’ काही लागेना. चाचणी घेऊन परत येईपर्यंत उस्तादाच्या कपाळावर आठ्या. मग त्याने ब्रेकच्या पेडलमागचा पेरूच्या फोडीएवढा स्विच काढून हलवला, तो खुळखुळला. ब्रेक दाबलाय की नाही याबद्दल त्या स्विचचं स्वतःशीच एकमत नव्हतं, आणि ब्रेकबद्दल शंका असली की क्रूझ कंट्रोल कामावर यायचं नाकारतं. या संपूर्ण प्रकरणातलं मला सगळ्यात आवडलेलं पात्र हेच. नवा स्विच लागला आणि यंत्र चालू झालं.

रेडिओ मात्र बंद पडला. बॅटरी काढल्यावर या गाडीचा रेडिओ आपल्याला चोरून नेलंय असं धरून चालतो आणि चार आकडी संकेतांक मागतो. तो कार्डावर लिहिलेला असतो, कार्ड पहिल्या मालकाकडे असतं, आणि डॉक्टर आता बोस्टनला मुलाकडे असतात. अण्णांनी आपलं जन्मसाल टाकून पाहिलं, मग लग्नाचं. दोनदा चुकलं की तो रेडिओ तासभर काही ऐकूनच घेत नाही. लग्नाचं साल चुकलं म्हटल्यावर काकूंनीही घेतलं नाही. गाणी गेली, बातम्या गेल्या. वेग मिळवला आणि आकाशवाणी गमावली, असं मी म्हटलं तर अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद मी गिळला.

पहिली जाहीर चाचणी जालना रोडवर झाली, कारण मिरवणूक काढायची तर ती जालना रोडवरूनच काढायची ही आपली परंपरा. आता हे यंत्र ताशी तीस-चाळीसच्या खाली पकड घेतच नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांना वाटलं असावं की त्याखालचा वेग हा वेगच नव्हे. महावीर चौकातून निघालो. क्रांती चौकाच्या पुलावर चढता चढता अण्णांनी चाळीस गाठले, अंगठा ‘सेट’वर ठेवला, आणि पुलाच्या माथ्यावर बंद पडलेला पाण्याचा टँकर दिसला. ब्रेक. मोंढा नाक्याच्या पुलावर पुन्हा चाळीस, पुन्हा अंगठा, आणि एका रिक्षावाल्या भाऊंना पुलावरच प्रवाशाचे सुटे पैसे द्यायचे होते. ब्रेक. आकाशवाणी चौकात तर सिग्नल सुटूनही कुणी हललं नाही, कारण पुढे वरात होती आणि तिचा वेग खरोखर एकसारखा होता. ‘‘हे बघ, हा खरा विसर्ग,’’ अण्णा बँडवाल्यांकडे पाहत म्हणाले. सेव्हन हिल्स आणि सिडकोच्या पुलांबद्दल मी काही लिहीत नाही.

याच शहरातल्या मंडळींनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, जवळजवळ ६५ कोटींच्या, आणि साऱ्या देशाने तोंडात बोट घातलं होतं. त्या पुढे जालना रोडवर कशा धावल्या असतील हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. रिक्षाच्या मागे सगळ्या गाड्या सारख्याच किमतीच्या असतात.

खरी चाचणी अर्थातच समृद्धीवर. हर्सूल ओलांडून सावंगीला चढलो, टोलची कमान मागे पडली, समोर सिमेंटचा सरळ पट्टा. अण्णांनी गाडीच्या आणि स्वतःच्या वयाचा विचार करून काटा नव्वदवर आणला. ‘सेट’. पाय उचलला. गाडी नव्वदवर. किंचित चढ लागला. इंजिनाने आपणहून श्वास घेतला आणि काटा नव्वदवर. उतार, काटा नव्वदवर. अण्णा बोलत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचल्याचं समाधान होतं.

हे समाधान टिकलं नाही, कारण पायाचं काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. आयुष्यभर राबलेला उजवा पाय एकदम सक्तीच्या निवृत्तीवर. तो आधी ब्रेकच्या आसपास घुटमळला, मग डाव्या पायाच्या शेजारी जाऊन बसला, मग परत आला. जालन्याच्या अलीकडे मी पाहतो तर अण्णांनी तो वर घेऊन पंगतीला बसावं तसा मांडी घालण्याच्या बेतात आणला होता. मागून काकूंचा एकच शब्द आला: ‘‘पाय!’’ तेव्हापासून त्या गाडीत नियम आहे की क्रूझ लागलं तरी उजवा पाय ब्रेकसमोर, टाच जमिनीवर. कोणत्याही पुस्तिकेत यापेक्षा चांगला नियम मला सापडला नाही.

दुसरी गोष्ट मला या प्रवासात कळली ती अशी की एकदा लावलेला ‘सेट’ माणसाला मोडवत नाही. ट्रकांना समृद्धीवर मर्यादा ताशी ८०. त्यातला एक ट्रक मधल्या लेनमध्ये आपल्याच तंद्रीत चाललेला असतो. अण्णांचे नव्वद. अंतर हळूहळू कमी होत जातं. क्रूझ नसतं तर अण्णांनी केव्हाच पाय ढिला केला असता. आता ते आरशात बघतात, हॉर्न वाजवतात, दिवे मारतात, ट्रकवाल्याच्या घराण्याबद्दल दोन शब्द बोलतात, पण ब्रेक लावत नाहीत. कारण ब्रेक लावला की ‘सेट’ जाईल. आता ‘रिझ्युम’ नावाचं बटण शेजारीच आहे, एका टिचकीत जुना वेग परत. तरीही नाही. एका माणसाचे सलग किती किलोमीटर ‘सेट’ न मोडता झाले याच्या बढाया मी पुढे इतर क्रूझवाल्यांकडूनही ऐकल्या आहेत. उपवासात चुकून शेंगदाणा तोंडात जाऊ नये तशी ती काळजी असते.

आणि तिसरी गोष्ट झोप. या महामार्गावरच्या अपघातांच्या बातम्यांबरोबर ‘महामार्ग संमोहन’ हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत रुळला. सरळ रस्ता, तोच आवाज, तीच पांढरी रेघ. डोळे उघडे आणि मेंदू घरी. त्यात पायाचं काम काढून घेतलं की जागं राहायला कारणच उरत नाही. आमच्या गाडीत तर रेडिओही नव्हता. पण काकू होत्या. त्यांनी सिंदखेडराजाच्या अलीकडून अण्णांची उलटतपासणी सुरू केली: लग्नाचं साल, मुंजीची तारीख, धाकट्या नणंदेच्या साखरपुड्याला जेवणात काय होतं. अण्णा उत्तरं देत होते, चुकत होते, हरकत घेत होते, आणि टक्क जागे होते. काटा नव्वदवर. टीटर साहेबांनी हे यंत्र काढलं ते वकिलाच्या बोलण्याने वेग हलतो म्हणून. इथे मात्र काकू बोलत होत्या म्हणूनच ते यंत्र सुखरूप चालत होतं.

परतीला वैजापूरच्या एका गृहस्थांनी अण्णांना कायद्याची भीती घातली. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीच्या नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा बदलतील असा फेरफार करता येत नाही. अण्णांनी आरसी काढून प्रत्येक रकाना वाचून दाखवला. इंजिन नंबर आहे, चासी नंबर आहे, रंग आहे, आसनसंख्या आहे. क्रूझ कंट्रोलचा रकाना नाही. तरीही त्यांनी विमा कंपनीला रीतसर पत्र लिहिलं आणि पोच घेतली. पाटबंधारे खात्यात ज्याची पोच नाही ते घडलेलंच नसतं.

आता आमच्याकडे लोक सल्ला विचारायला येतात. त्यांना अण्णा जे सांगतात तेच इथे लिहितो. तुमची गाडी केबलच्या ॲक्सिलेटरची असेल तर या फंदात पडू नका. बाहेरून बसवलेली मोटर अडकली तर रेस वाढलेलीच राहते, आणि ती वेळ कुणावर येऊ नये. पेडल सेन्सरवालं असेल तर त्याच गाडीचे मूळ पार्ट आणि जाणता हात, एवढ्यावरच करा. दोन्ही नसेल तर घोट्याचे व्यायाम डॉक्टर फुकट सांगतात. ब्रेकचा आणि क्लचचा स्विच आधी नवा घाला. पावसात, ओल्या रस्त्यावर ते बटण दाबू नका. टायर गुळगुळीत झाले असतील तर क्रूझचे पैसे टायरमध्ये घाला. समृद्धीच्या प्रवेशाशी आरटीओची मंडळी टायर बघतात, बटणं नाही. आणि बॅटरीची वायर काढण्यापूर्वी रेडिओचा संकेतांक कागदावर लिहून घ्या. बोस्टनला फोन लावायचा तर तिथे रात्र असते.